हायस्कूलात बाई व्हायचंय? बी.एड.चा फॉर्म भरण्याआधी

मैत्रिणींनो, आपल्या गटांत आता बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी. झालेल्या मुली आणि सुना बऱ्याच आहेत. काहींनी लग्नाआधी पदवी घेतली, काहींनी घर सांभाळून मुक्त विद्यापीठातून. त्यातल्या कितीतरी जणी आज तारापूर एमआयडीसीत पॅकिंगला जातात, नाहीतर जवळच्या खाजगी शाळेत तुटपुंज्या पगारावर शिकवतात. बैठकीत त्यांचा प्रश्न ठरलेला असतो : "ताई, बी.एड. केलं तर हायस्कूलात नोकरी लागेल का?" याचं उत्तर एका शब्दात देता येत नाही. फॉर्म भरणं सोपं आहे. त्याच्या आधी काय बघायचं आणि नंतर काय लागतं, ते कळलं नाही तर दोन वर्षं आणि पैसे दोन्ही जातात.

आधी हे ठरवा, की शिकवायचं कुठल्या वर्गाला? आपल्या पाड्यावरची जिल्हा परिषदेची शाळा डोळ्यांसमोर असेल तर थांबा. पहिली ते पाचवीला बी.एड. चालत नाही. ११ ऑगस्ट २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केलं. त्या वर्गांसाठी बारावीनंतरचं दोन वर्षांचं डी.एल.एड. लागतं, ज्याला आपण अजून डी.एड.च म्हणतो. सहावी ते आठवीला पदवी, बी.एड. आणि टीईटीचा दुसरा पेपर हवा. नववी-दहावीला पदवी आणि बी.एड.

दुसरी गोष्ट विषयाची. बी.एड.ला तुमच्या पदवीच्या विषयावरून अध्यापन पद्धती मिळते आणि पुढे भरतीतही विषय बघतात. बी.कॉम. झालेल्या ताईंना प्रवेश मिळतो, पण नववी-दहावीला वाणिज्य हा विषयच नाही. तो अकरावी-बारावीला असतो आणि तिथे एम.कॉम. लागतं. हे कॉलेजवाले आपणहून सांगतील असं नाही, म्हणून इथे लिहिलं. गणित-विज्ञान किंवा इंग्रजी घेऊन पदवी झाली असेल तर माझ्या मते वाट त्यातल्या त्यात बरी.

आता प्रवेश. नेहमीच्या दोन वर्षांच्या बी.एड.साठी राज्याच्या सीईटी सेलची परीक्षा द्यावी लागते. पदवीला खुल्या वर्गासाठी ५० टक्के आणि महाराष्ट्रातल्या राखीव वर्गांसाठी ४५ टक्के गुण हवेत. परीक्षेला १०० प्रश्न, १०० गुण, ९० मिनिटं. चुकलेल्या उत्तराचे गुण कापत नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न सोडू नका. ४० प्रश्न बुद्धिमत्तेचे, ३० सामान्य ज्ञानाचे, ३० शिक्षक म्हणून कल कसा आहे ते बघणारे. पेपर मराठीतून देता येतो. पण तो संगणकावर असतो, आणि ज्यांनी कधी माऊस धरला नाही त्यांची वेळ तिथेच जाते. चार दिवस एखाद्या सेवा केंद्रात बसून सराव करा. केंद्र लांबचं आलं तर आदल्या दिवशीच नातेवाइकांकडे मुक्काम टाकलेला बरा.

सीईटी दिली म्हणजे प्रवेश झाला, असं समजून बऱ्याच जणी घरी बसतात. तसं नाही. निकालानंतर कॅपची, म्हणजे केंद्रीय प्रवेश फेरीची, वेगळी नोंदणी असते. तिथे पुन्हा फॉर्म, कागद अपलोड, त्यांची तपासणी, मग गुणवत्ता यादी, मग कॉलेजांचा पसंतीक्रम. पसंतीक्रम भरलाच नाही तर गुण कितीही असोत, जागा मिळत नाही. प्रत्येक टप्प्याला थोडेच दिवस असतात आणि मेसेज मोबाईलवर येतो. म्हणून फॉर्मवर नंबर स्वतःचा द्या. भावाचा नको, सेवा केंद्रवाल्याचा तर नकोच.

खरी दमछाक कागदांची. दहावी-बारावीच्या आणि पदवीच्या सगळ्या सत्रांच्या गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, अधिवास, उत्पन्नाचा दाखला, मध्ये शिक्षण सुटलं असेल तर खंडाचं प्रतिज्ञापत्र. इतर मागासवर्गात असाल तर नॉन-क्रिमिलेयरही. लग्न झालेल्यांना दोन अडचणी जास्त. एक, नाव. गुणपत्रिकेवर माहेरचं, आधारवर सासरचं. विवाह नोंदणीचा दाखला किंवा राजपत्रातली नावबदलाची नोंद हाताशी ठेवा. दुसरी, जात. जात जन्माने धरली जाते, नवऱ्याकडून येत नाही. म्हणजे दाखला आणि वैधता दोन्ही वडिलांकडच्या पुराव्यांवर निघतात. आपल्या वारली, कोकणा, मल्हार कोळी, कातकरी बहिणींना जमातीच्या वैधतेसाठी १९५० च्या आधीचे पुरावे विचारतात. आजोबा-पणजोबांचं शाळेचं नाहीतर जमिनीचं कागद शोधायला माहेरी चकरा होतात, आणि समितीकडे महिने जातात. वैधता नसेल तर राखीव जागा हातची जाऊ शकते. म्हणून सीईटीच्या अभ्यासाच्याही आधी हा अर्ज टाकावा.

हजेरीचं काय? वर्गात ८० टक्के आणि शाळेतल्या आंतरवासितेत, म्हणजे प्रत्यक्ष शिकवण्याच्या सरावात, ९० टक्के हजेरीचा नियम आहे. दुसऱ्या वर्षी ही आंतरवासिता १६ आठवड्यांची असते. तेव्हा दिवसपाळीची नोकरी आणि नियमित बी.एड. एकत्र जमत नाही. बोईसरहून पालघर गाठणं सोपं, मध्ये उमरोळी एवढंच स्टेशन. पण कॉलेज वसई-विरारकडे मिळालं तर डहाणू लोकलच्या वेळा आणि गर्दी रोज सोसायची आहे. घरात लहान मूल असेल तर ते कोणाकडे राहणार, हे नवरा-सासूशी आधी बोलून घ्या.

याच अडचणीवर काही एजंट दुकान चालवतात : "घरबसल्या बी.एड., हजेरी नको, दुसऱ्या राज्याचं सर्टिफिकेट." त्यांच्या नादी लागू नका. दूरस्थ बी.एड. असतं, पण ते आधी डी.एड.सारखं प्रशिक्षण झालेल्यांसाठी. नुसत्या पदवीवर ते मिळत नाही. कुठलंही कॉलेज असो, राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेची, म्हणजे एनसीटीईची, मान्यता आहे का ते आधी बघा.

फीचंही कॅपशी नातं आहे. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी आणि परीक्षा फी शासन भरतं. अनुसूचित जमातीसाठी अडीच लाख उत्पन्नापर्यंत शिष्यवृत्ती आहे. अर्ज महाडीबीटीवर. पण व्यवस्थापन कोट्यातून किंवा संस्थेच्या पातळीवर प्रवेश घेतला तर फीची ही सवलत मिळत नाही. "कॅपची वाट कशाला बघता, आजच सीट पक्की करा" असं कोणी म्हणालं तर हे लक्षात ठेवा.

बी.एड. हातात आल्यावर नोकरी आपोआप येत नाही. अनुदानित आणि जिल्हा परिषदेच्या शाळांतली भरती पवित्र पोर्टलवरून होते आणि त्यासाठी टेट नावाची २०० गुणांची अभियोग्यता चाचणी द्यावी लागते. टीईटी वेगळी, टेट वेगळी. नावं सारखी वाटतात म्हणून घोळ होतो. टेट दरवर्षी होत नाही. २०१७ नंतरची थेट २०२३ मध्ये झाली, मग २०२५ मध्ये. निवड झाली की पहिली तीन वर्षं शिक्षण सेवक. माध्यमिकला महिना १८,००० रुपये मानधन, २०२३ पासून. त्याआधी ते ८,००० होतं. डहाणू आणि जव्हार प्रकल्पांतल्या शासकीय आश्रमशाळांची भरती आदिवासी विकास विभाग वेगळी काढतो, तिकडेही लक्ष ठेवा.

वयाचंही बघा. सरकारी भरतीला साधारणपणे खुल्या वर्गात ३८ आणि मागासवर्गात ४३ ही मर्यादा असते. ३५ व्या वर्षी बी.एड.ला बसणाऱ्या खुल्या वर्गातल्या ताईला एखादीच भरती मिळेल, तीही निघाली तर. शिकायला मात्र वय आडवं येत नाही. आपल्याच डहाणू तालुक्यात कोसबाडला ताराबाई मोडकांबरोबर उभं आयुष्य काम केलेल्या अनुताई वाघ बालविधवा होत्या, आणि नोकरी करता करता रात्रशाळेतून मॅट्रिक झाल्या. त्यांची शाळा बालवाडीची, हायस्कूलची नव्हे, तरी आपल्या भागात शिक्षिका म्हटलं की त्यांचं नाव निघतंच.

गटाकडून काय होऊ शकतं? शिष्यवृत्ती उशिरा येते, आणि तोवर फॉर्म, प्रवास, पुस्तकं यांना रोख लागते. अंतर्गत कर्जात शिक्षणासाठी रक्कम देता येते. फक्त हप्ता ठरवताना त्या दोन वर्षांत बाईची मजुरी बंद असणार हे धरा, नाहीतर दुसऱ्या वर्षी कर्ज थकेल आणि कॉलेजही सुटेल. सीईटीचे फॉर्म साधारण डिसेंबर-जानेवारीत सुटतात आणि परीक्षा मार्चच्या सुमारास होते. तारखा सीईटी सेलच्या साइटवरच बघाव्यात. ज्यांच्याकडे जात वैधता नाही त्यांनी भातकापणी आटोपली की माहेरच्या तलाठ्याकडे आणि वडिलांच्या शाळेत पहिली चक्कर टाकावी.