आस, मागचा (जुन्या मोटारगाडीचा)

मोटारगाडीचे डिफरन्शियल व मागची चाके फिरविणारे दंड ज्या पोकळ हौजिंगमध्ये असतात, तो मागचा आस होय. मुंबईत कुर्ला येथे प्रीमियर ऑटोमोबाइल्सने बनविलेल्या फियाट ११०० व पुढील पद्मिनी या गाड्यांत हा अखंड आस दोन अर्धविवृत्ती पाट्यांवर यू-बोल्टांनी आवळलेला असतो; म्हणूनच तो घरच्या अंगणातही बदलता येतो. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या भागांतील दमट पावसाळी हवेत हे बोल्ट गंजून धरतात. त्यांना आदल्या दिवशी तेल पाजावे. पुढच्या चाकांना पाचर लावून गाडीचा भार पक्क्या घोड्यांवर द्यावा. नुसत्या जॅकवरील गाडीखाली शिरणे प्राणघातक ठरू शकते. पाट्यांच्या रबरी बुशांचे बोल्ट मात्र गाडी चाकांवर उतरल्यावरच अखेरचे आवळावेत, अन्यथा रबर पिळलेले राहून लवकर फाटते. ब्रेकच्या नळ्यांतील हवा काढल्याविना गाडी हलवू नये.

दुसऱ्या जातीच्या गाडीचा आस बसविल्यास दंतचक्रांचे गुणोत्तर बदलते व वेगमापक चुकीचा वेग दाखवू शकतो. नोंदणीपत्रातील तपशील बदलणाऱ्या फेरफारांवर मोटार वाहन अधिनियम, १९८८ चे निर्बंध आहेत. २०२१ च्या नियमांनुसार व्हिंटेज नोंदणीसाठी पन्नास वर्षांहून जुनी गाडी मूळ स्वरूपातच राखलेली असावी लागते.