ऑफिसचं शेअर फोल्डर अचानक दिसेनासं का होतं? लिनक्स आणि विंडोजच्या बोलाचालीची गोष्ट

श्रीगोंदा म्हटलं की लिंबू आठवतं, कांदा आठवतो, साखर कारखाने आठवतात. सर्व्हर काही कोणाला आठवत नाही. पण तालुक्याच्या गावातली एखादी पतसंस्था, लग्नपत्रिका छापणारं दुकान किंवा टॅक्स कन्सल्टंटचं ऑफिस डोळ्यासमोर आणा. तीन-चार विंडोजचे कॉम्प्युटर, एक झेरॉक्स मशीन आणि कपाटावर ठेवलेली, दिवे लुकलुकणारी एक काळी पेटी. सगळ्या फाइल त्या पेटीत. कोणत्याही टेबलावरून उघडा, बदला, पुन्हा तिथेच ठेवा.

मग एक दिवस नवा कॉम्प्युटर येतो आणि त्यावर ती पेटी दिसतच नाही. जुन्या कॉम्प्युटरवर सगळं व्यवस्थित, नव्यावर मात्र एरर. दुरुस्तीला आलेला माणूस कंट्रोल पॅनेलमध्ये जातो, ‘एसएमबी १’ नावासमोर टिक करतो, कॉम्प्युटर रीस्टार्ट करतो आणि काय आश्चर्य, फोल्डर परत हजर! सगळे खूश.

पण त्या एका टिकने नेमकं काय उघडलं, हे सहसा कोणी विचारत नाही.

आधी हे बघू, की पेटीत आहे कोण?

‘आमच्याकडे सगळं विंडोजच आहे’ असं म्हणणाऱ्या बहुतेक ऑफिसांमध्ये एक तरी लिनक्स मशीन असतंच. ती काळी पेटी, जिला दुकानदार ‘नॅस’ म्हणतात, ती म्हणजे हार्डडिस्क घातलेला छोटा लिनक्स सर्व्हरच असतो. सिनॉलॉजी, क्यूनॅप या नावाजलेल्या कंपन्यांच्या पेट्या लिनक्सवरच चालतात. अनेक वायफाय राऊटरच्या आतही लिनक्स असतं. म्हणजे राऊटरला मागून पेनड्राइव्ह लावून ज्यांनी घरभर सिनेमे दाखवले, त्यांनीही नकळत हाच उद्योग केलेला असतो.

लिनक्स हा युनिक्सच्या घराण्यातला. युनिक्स १९६९ मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये जन्मलं, मोठ्या, अनेक जणांनी एकाच वेळी वापरायच्या मशीनसाठी. विंडोजचं घराणं वेगळं, ते डॉसवरून आलं, एका माणसाच्या टेबलावरच्या कॉम्प्युटरसाठी. दोघांची फाइल ठेवायची पद्धत वेगळी, फाइल कोणी उघडायची याचे नियम वेगळे. लिनक्ससाठी ‘बिल’ हे नाव इंग्रजीत मोठ्या अक्षराने लिहिलं तर एक फाइल आणि लहान अक्षराने लिहिलं तर दुसरी. विंडोजच्या लेखी दोन्ही एकच.

मग ही दोन घराणी एकाच फोल्डरवर नांदतात कशी? तर विंडोज त्या पेटीतली डिस्क थेट वाचतच नाही. ते फक्त नेटवर्कवरून विनंती पाठवतं, ‘मला अमुक फोल्डरची यादी दे’, ‘ही फाइल उघड’, ‘यात एवढं लिही’. पेटी आपल्या पद्धतीने डिस्क वाचते आणि उत्तर पाठवते. दोघांना लागते ती फक्त एक सामाईक भाषा. ती भाषा म्हणजे एसएमबी. १९८० च्या दशकात ती आयबीएममध्ये तयार झाली आणि पुढे मायक्रोसॉफ्टने आपलीशी केली.

मायक्रोसॉफ्टची भाषा लिनक्सला शिकवली कोणी?

इथे गोष्ट ऑस्ट्रेलियात जाते. अँड्र्यू ट्रिजेल हा कॅनबेरातल्या ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीत पीएचडी करणारा विद्यार्थी. त्याच्या टेबलावर डॉसचा कॉम्प्युटर आणि फाइल मात्र युनिक्स मशीनवर. दोघांमध्ये सोय करणारं सॉफ्टवेअर एका ठरावीक कंपनीच्या सर्व्हरसाठीच होतं. मग १९९१ च्या डिसेंबरात त्याने ठरवलं, की दोन मशीन एकमेकांशी काय बोलतात ते तारेवरच ऐकायचं आणि तसंच बोलणारा प्रोग्रॅम आपण लिहायचा. जानेवारी १९९२ मध्ये त्याने तो सगळ्यांसाठी खुला केला.

आपल्या या पद्धतीला ट्रिजेल ‘फ्रेंच कॅफे’ म्हणतो. आपण त्याला उडपी हॉटेल म्हणू. समजा तुम्ही बंगळुरूला गेलात आणि कन्नडचा एक शब्द येत नाही. शेजारच्या टेबलावरचा माणूस काहीतरी बोलतो आणि वेटर डोसा आणून ठेवतो. तुम्ही तोच शब्द बोलून बघता, तुम्हालाही डोसा मिळतो. दुसरा शब्द ऐकला, कॉफी आली. असं करत करत, पुस्तक न उघडता, जेवणापुरती भाषा शिकता येते. ट्रिजेलने आणि नंतर त्याला येऊन मिळालेल्या जगभरच्या लोकांनी हेच केलं. तेही वर्षानुवर्षं.

नावाचा किस्साही मजेशीर आहे. १९९४ मध्ये आधीच्या नावावर एका कंपनीने हक्क सांगितला. मग ट्रिजेलने कॉम्प्युटरमधल्या शब्दकोशात एस, एम आणि बी ही तीन अक्षरं याच क्रमाने येणारे शब्द शोधले. ‘सामनबेरी’ नावाचं एक जंगली फळही त्या यादीत होतं. निवडलं गेलं ते ‘सांबा’. (आपल्या इडलीबरोबरच्या सांबारशी याचा संबंध नाही, हे आधीच सांगितलेलं बरं.)

पुढे प्रकरण युरोपच्या कोर्टापर्यंत गेलं. युरोपियन कमिशनने २००४ मध्ये मायक्रोसॉफ्टला दंड केला आणि सर्व्हरशी बोलायच्या भाषेची माहिती इतरांना देण्याचा आदेश दिला. सप्टेंबर २००७ मध्ये कोर्टाने तो कायम ठेवला. त्याच डिसेंबरात १०,००० युरो एकरकमी भरून सांबाच्या लोकांसाठी ती कागदपत्रं मिळवण्यात आली. शेजारच्या टेबलावर कान लावून शिकलेल्या भाषेचं व्याकरणाचं पुस्तक हाती यायला पंधरा वर्षं लागली! आज नॅसच्या पेट्यांमध्ये बहुतेक वेळा जे बसलेलं असतं ते हेच सांबा, आणि ते फुकट आहे.

एसएमबी ही एकच वाट आहे असं नाही. युनिक्स मशीन आपापसात फाइल शेअर करतात तेव्हा बऱ्याचदा एनएफएस वापरतात, जे सन मायक्रोसिस्टिम्सने १९८४ मध्ये आणलं. आणि मशीन दुसऱ्या गावात असेल तर एसएफटीपी. पुण्याच्या आयसरमधल्या ‘परम ब्रह्म’सारख्या लिनक्स सुपरकॉम्प्युटरवर विंडोज लॅपटॉपवरून फाइल पाठवायची, तर अशीच कुलूपबंद वाट लागते. पण एका छताखालच्या ऑफिसात एसएमबीच.

मराठी नावांची वेगळीच गंमत

हा भाग इंग्रजी मार्गदर्शकांमध्ये सापडत नाही, आणि डोकेदुखी मात्र आपल्यालाच होते.

लिनक्सवर फाइलच्या नावाला साधारण २५५ बाइटची मर्यादा असते. इंग्रजी अक्षराला एक बाइट लागते, देवनागरीतल्या प्रत्येक चिन्हाला तीन. आणि चिन्ह म्हणजे काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त हे सगळे वेगवेगळे मोजायचे. ‘श्रीगोंदा’ एवढं एक नाव नऊ चिन्हांचं, म्हणजे २७ बाइट. त्यामुळे मराठी नावाची मर्यादा फार तर ८५ चिन्हांची. विंडोज मोजतं वेगळ्या हिशोबाने, तिथे अशी २५५ चिन्हंसुद्धा बसतात. म्हणून ‘मौजे अमुक ता. श्रीगोंदा येथील पीक नुकसान भरपाई यादी दुरुस्तीसह अंतिम नवीन’ यापेक्षाही बरंच लांब, ऐसपैस नाव डेस्कटॉपवर चालतं आणि पेटीत टाकताना कॉपी अडते. व्हायरस नाही, डिस्क खराब नाही. नाव लांब आहे, एवढंच.

दुसरा घोळ याहून छुपा. ‘शेतकऱ्यांची यादी’ लिहिताना येणारा ऱ कॉम्प्युटरमध्ये दोन प्रकारे साठवता येतो. एक, अख्खा ऱ म्हणून. दोन, साधा र आणि त्याखाली वेगळा नुक्ता म्हणून. डोळ्यांना दोन्ही सारखेच. ॲपलच्या मॅकची जुनी फाइल व्यवस्था, एचएफएस प्लस, दुसरा प्रकार वापरायची. विंडोजवर टाइप केलेलं नाव सहसा पहिल्या प्रकारचं. लिनक्स नावाचा अर्थ बघत नाही, फक्त बाइट बघतं. मग डिझायनरच्या जुन्या मॅकवरून कॉपी होऊन आलेली आणि ऑफिसात बनवलेली, अशा एकाच नावाच्या दोन फाइल एकाच फोल्डरमध्ये शेजारी शेजारी बसलेल्या दिसतात, आणि शोधलं तर त्यातली एकच सापडते. अशा वेळी खरी कोणती, यावरून भांडण न करता दोन्ही उघडून बघाव्यात आणि एकीचं नाव नव्याने टाइप करावं.

नावात वेळ लिहिताना ‘१०:३०’ असा कोलन टाकायची सवयही सोडलेली बरी. लिनक्सला तो चालतो, विंडोजला नाही. मग सांबा ती फाइल लपवत नाही, पण तिचं भलतंच, अगम्य नाव करून दाखवतं.

आता त्या टिककडे येऊ

एसएमबीची पहिली आवृत्ती जुनी आणि सुरक्षेच्या बाबतीत कच्ची. दुसरी आवृत्ती विंडोज व्हिस्टाबरोबर आली, तिसरी २०१२ मध्ये विंडोज ८ बरोबर. तरी सोयीसाठी पहिली बंद केली गेली नाही. सप्टेंबर २०१६ मध्ये मायक्रोसॉफ्टमध्ये एसएमबी सांभाळणाऱ्या नेड पाइल यांनी, एसएमबी १ वापरणं थांबवा, असं स्वतःच जाहीरपणे लिहिलं. फार कोणी ऐकलं नाही.

१४ मार्च २०१७ ला मायक्रोसॉफ्टने त्यातलं एक मोठं भोक बुजवणारं अपडेट दिलं. एप्रिलमध्ये त्याच भोकातून घुसणारं, अमेरिकी गुप्तचर संस्था एनएसएचं म्हणून ओळखलं जाणारं ‘इटर्नलब्लू’ हे हत्यार इंटरनेटवर फुटलं. १२ मे रोजी ‘वॉनाक्राय’ आलं आणि काही दिवसांत सुमारे १५० देशांतल्या दोन लाखांहून अधिक कॉम्प्युटरवरच्या फाइल कुलूपबंद झाल्या. लिनक्सवाल्यांनाही हसायला जागा नव्हती. त्याच महिन्यात सांबामध्येही एक गंभीर भोक सापडलं आणि ते २०१० पासूनच्या आवृत्त्यांमध्ये होतं.

महाराष्ट्राला मोठी झळ बसली ती पुढच्या महिन्यात. २७ जून २०१७ ला ‘नॉटपेट्या’ सुटलं. सुरुवात युक्रेनमधल्या एका अकाउंटिंग सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून झाली. पसरायला त्याने इटर्नलब्लूही वापरलं आणि कॉम्प्युटरमधून चोरलेले पासवर्डही. मार्स्क ही बलाढ्य जहाज कंपनी त्यात सापडली, आणि तिच्या गटातल्या एपीएम टर्मिनल्सचं न्हावाशेव्याच्या जेएनपीटी बंदरातलं गेटवे टर्मिनल ठप्प झालं. कोणता कंटेनर कुठे जायचा हे सांगणारी यंत्रणाच बंद, काम हाताने करायची वेळ. नगर-नाशिकचा कांदा समुद्रमार्गे परदेशात जातो तो मुख्यतः याच बंदरातून. मार्स्कच्या अध्यक्षांनी पुढे दावोसमध्ये सांगितलं, की दहा दिवसांत ४,००० सर्व्हर आणि ४५,००० कॉम्प्युटर नव्याने उभे करावे लागले.

मार्स्ककडे माणसं होती, पैसा होता. श्रीगोंद्यातल्या पतसंस्थेकडे दुरुस्तीवाल्याचा एक मोबाइल नंबर असतो.

आणि ‘आमच्या फाइल लिनक्सच्या पेटीत आहेत, लिनक्सला व्हायरस लागत नाही’ हा दिलासा इथे कामाचा नाही. खंडणी मागणाऱ्या व्हायरसला पेटीत शिरायची गरजच नसते. तो टेबलावरच्या विंडोजमध्ये बसतो आणि तिथून ज्या ज्या फोल्डरमध्ये लिहायची परवानगी आहे, त्यातल्या सगळ्या फाइल कुलूपबंद करून टाकतो. पेटीच्या दृष्टीने तो रोजचा ओळखीचा माणूसच फाइल सेव्ह करत असतो.

मग फोल्डर परत आणायचं कसं?

२०१७ नंतर विंडोजने एसएमबी १ टप्प्याटप्प्याने काढून टाकायला सुरुवात केली. सांबानेही २०१९ पासून ते मुळात बंद ठेवलं. त्यामुळे फोल्डर उघडत नाही तेव्हा पहिलं काम पेटीच्या सेटिंगमध्ये जाऊन तिचं सॉफ्टवेअर अपडेट करणं आणि एसएमबी २ किंवा ३ निवडणं. बऱ्याच पेट्यांना ते येत असतं, कोणी चालू केलेलं नसतं. झेरॉक्स मशीन जुनं असेल आणि त्याला फक्त एसएमबी १ येत असेल, तर स्कॅन ईमेलवर किंवा पेनड्राइव्हवर घ्यावं. एका स्कॅनरसाठी सगळ्या ऑफिसचा दरवाजा उघडा ठेवणं हा महागाचा सौदा आहे.

पुष्कळदा तर फोल्डर बंद पडलेलं नसतंच, नुसतं ‘नेटवर्क’च्या यादीत दिसत नसतं. ती यादी दाखवायची जुनी पद्धत एसएमबी १ वर अवलंबून होती. फाइल एक्सप्लोररच्या पत्त्याच्या पट्टीत दोन उलटे स्लॅश आणि पुढे पेटीचा आयपी पत्ता टाकून बघा. उघडलं, तर टिक करायची गरजच नाही.

२०२४ मध्ये आलेल्या विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीने आणखी एक गोष्ट कडक केली. प्रो विंडोज आता बिनपासवर्डचं, ‘पाहुणा’ म्हणून उघडणारं फोल्डर मुळातच नाकारतं. तिथे उपाय सोपा आहे, प्रत्येकाला पेटीवर स्वतःचं नाव आणि पासवर्ड द्यायचा. ज्यांनी स्वतः लिनक्सवर सांबा बसवलंय त्यांच्यासाठी एक सूचना, सांबाचा पासवर्ड वेगळा ठेवावा लागतो. लिनक्सवर खातं आहे, पासवर्ड बरोबर आहे, तरी विंडोज नाही म्हणतंय, याचं कारण बहुतेकदा हेच असतं.

हे करतानाच कोणाला फक्त वाचायची परवानगी पुरेल ते ठरवून टाकावं. गेल्या वर्षीचे हिशोब सगळ्यांनी बघायला हरकत नाही, त्यात लिहायची गरज मात्र एखाद्यालाच असते. पेटी थेट इंटरनेटवर उघडू नये, राऊटरवर ४४५ नंबरचं पोर्ट तर अजिबातच नाही. आणि पेटीत ‘स्नॅपशॉट’ची सोय असेल तर ती आजच चालू करावी. त्यात ठरावीक वेळेला फोल्डरची जुनी स्थिती जपली जाते. सांबा ती विंडोजलाही दाखवू शकतं, फोल्डरवर राइट क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’मधल्या मागच्या आवृत्त्या उघडल्या की कालची फाइल परत मिळते. शिवाय आठवड्यातून एकदा सगळं एका बाहेरच्या हार्डडिस्कवर घ्यायचं, आणि काम झाल्यावर ती वायर काढून कपाटात ठेवायची. जोडलेलीच राहिली, तर व्हायरसच्या लेखी तेही आणखी एक फोल्डरच.