महाबली महापौर

भीमाने बकासुराचा वध केला आणि एकचक्रा नगरीवरचे संकट टळले, ही कथा तुम्हांला ठाऊक आहे. कथा तेथे संपते. नगरीचे जीवन मात्र संपत नाही. बकासुर मेल्यावरही तेथील लोकांना पाणी हवे, रस्ते हवेत, धान्य हवे. ही व्यवस्था कोणी पाहावी? भीमाचे बाहुबल त्या कामी कितपत उपयोगी पडेल? नेमका हाच प्रश्न अमेरिकेतील एका चित्रकथामालिकेने विचारला आहे. तिचे नाव ‘एक्स मॅकिना’.

चौकटींमागून चौकटी मांडून चित्रांनी सांगितलेली गोष्ट म्हणजे चित्रकथा. पात्रांचे बोलणे फुग्यांसारख्या आकृतींत लिहिलेले असते. १९३८ साली सुपरमॅन हा वीर अशा चित्रकथेतून लोकांपुढे आला आणि अतिमानवी वीरांची परंपराच सुरू झाली. हे वीर आकाशातून उडतात, दुष्टांचे पारिपत्य करतात आणि निघून जातात. ‘एक्स मॅकिना’तील वीर मात्र निघून जात नाही. तो निवडणुकीस उभा राहतो!

ब्रायन के. व्हॉन यांनी लिहिलेली आणि टोनी हॅरिस यांनी चितारलेली ही मालिका २००४ ते २०१० या काळात ५० अंकांत प्रसिद्ध झाली. २००५ साली तिला उत्कृष्ट नव्या मालिकेचे आयझनर पारितोषिक मिळाले. ती प्रौढ वाचकांसाठी आहे. परंतु तिच्यातील विचार तुम्हांलाही समजण्याजोगा आहे.

कथानायक मिचेल हंड्रेड हा न्यूयॉर्क शहरातील एक अभियंता. एका अपघातामुळे त्याला विलक्षण शक्ती प्राप्त होते. तो बोलला की यंत्रे त्याची आज्ञा पाळतात. पाठीला उड्डाणयंत्र बांधून तो लोकांच्या साहाय्याला धावू लागतो. पण मदतीच्या भरात पुष्कळदा घोटाळेच होतात आणि पोलीसही त्याच्यावर रुष्ट होतात. तेव्हा तो विचार करतो, की लोकांचे खरे भले करायचे तर शहराचा कारभारच हाती घेतला पाहिजे. ११ सप्टेंबर २००१ रोजी न्यूयॉर्कमधील दोन उत्तुंग मनोरे विमानांच्या हल्ल्यात कोसळले, हे तुम्ही वाचले असेल. या कथेत हंड्रेड दुसरे विमान अडवतो आणि एक मनोरा वाचतो. पहिला मात्र त्याला वाचवता येत नाही. लोक त्याला महापौर निवडतात.

आता गंमत पाहा. महापौराच्या खुर्चीवर बसल्यावर त्याच्यापुढे राक्षस येत नाहीत. येतात ते नगराचे प्रश्न. हिमवृष्टीने रस्ते बुजतात आणि बर्फ हटवणाऱ्या गाड्यांच्या चालकांवर हल्ले होतात. संग्रहालयातील एका चित्रावरून शहरात वाद माजतो. यंत्राला आज्ञा करता येते. माणसांची मात्र समजूतच घालावी लागते. ऑगस्ट २००३ मध्ये न्यूयॉर्कसह मोठ्या प्रदेशातील वीज खरोखरच गेली होती. कथेत त्याच वेळी हंड्रेडची शक्तीही नाहीशी होते आणि सामान्य माणसाप्रमाणे त्याला अंधारातले शहर सांभाळावे लागते. कथेचा शेवटही सुखाचा नाही. सत्ता वाढत जाते, तसतसे जिवलग मित्र दुरावत जातात.

मालिकेचे नाव अर्थपूर्ण आहे. प्राचीन ग्रीक नाटकांत पात्रे संकटात सापडली, की कधीकधी एका उचलयंत्राने देव रंगमंचावर उतरवला जाई आणि सारा गुंता सुटे. त्यावरून ‘यंत्रातून आलेला देव’ असा लॅटिन शब्दप्रयोग रूढ झाला. या नावात ‘यंत्रातून’ एवढेच शब्द उरले आहेत. ‘देव’ गळला आहे.

आपल्या महाराष्ट्रातील व्यवस्था थोडी निराळी आहे. न्यूयॉर्कच्या महापौराला नागरिक थेट निवडतात आणि शहराचा कारभार त्याच्या हाती असतो. आपल्याकडे महापौर नगरसेवकांमधून निवडला जातो व सभेचे अध्यक्षस्थान भूषवतो. दैनंदिन कारभार राज्य शासनाने नेमलेले आयुक्त पाहतात. अधिकार असे वाटून दिलेले असतात, ते कोणा एकाच्या हाती सारी सत्ता जाऊ नये म्हणून.

आपल्याकडील चित्रांतही नगराच्या कारभाराचा एक साक्षीदार होऊन गेला. तो महाबली नव्हता. मुंबईत व्यंगचित्रे काढणाऱ्या आर. के. लक्ष्मण यांनी १९५१ पासून ‘सामान्य माणूस’ रेखाटला. धोतर, चौकटींचा कोट आणि डोळ्यांवर चष्मा असा त्याचा वेष. तो कधी बोलला नाही. पण खड्डे, पाणीटंचाई आणि पुढाऱ्यांची पोकळ आश्वासने यांतले काहीही त्याच्या नजरेतून सुटले नाही.

परभणी जिल्ह्यातील झरीसारख्या गावातही ग्रामपंचायत आहे आणि ग्रामसभाही आहे. गावच्या मतदारयादीत ज्याचे नाव आहे, तो प्रत्येक जण ग्रामसभेचा सदस्य असतो. नळाला पाणी का आले नाही, मंजूर झालेला पैसा कोठे खर्च झाला, हे तेथे विचारता येते. त्यासाठी आकाशात उडावे लागत नाही. सभेला जाऊन बसावे लागते, हिशेब वाचावा लागतो आणि उभे राहून बोलावे लागते. अठरा वर्षे पूर्ण झाली, की तो अधिकार तुम्हांलाही मिळेल. तो वापरण्याची तयारी मात्र आजपासूनच करता येईल.