साभार परत आणि छापून परत

मार्च १८२८. लंडनच्या गाइज हॉस्पिटलमध्ये ब्रॅन्सबी कूपर या सर्जनने एका ५३ वर्षांच्या रुग्णाचा मूतखडा काढायला घेतला. त्या काळी भूल देण्याची सोय नव्हती, म्हणून असली शस्त्रक्रिया पाच-सहा मिनिटांत उरकत. ही जवळजवळ तासभर चालली. दुसऱ्या दिवशी रुग्ण दगावला. ‘द लॅन्सेट’ने सगळा प्रकार खुलासेवार छापला आणि वर टोलाही हाणला, की कूपरला ही जागा मिळाली ती प्रख्यात सर ॲस्टली कूपर यांचा पुतण्या म्हणून! कूपरने २००० पौंडांचा दावा ठोकला. ज्यूरीचा कौल त्याच्या बाजूने गेला, पण भरपाई मिळाली अवघी १०० पौंड. संपादकाचा भुर्दंड पाठीराख्यांनी वर्गणी काढून भरला.

हा संपादक म्हणजे थॉमस वेकली. स्वतः सर्जन. ५ ऑक्टोबर १८२३ रोजी ‘लॅन्सेट’ काढले तेव्हा तो २८ वर्षांचा होता. वैद्यकीय नियतकालिकाच्या संपादकाने रुग्णाच्या बाजूने उभे राहायचे, समोर आपलेच व्यवसायबंधू असले तरी, हा पायंडा त्याने पाडला.

आजच्या संपादकावर असे खटले क्वचितच होतात. त्याचा दिवस जातो तो बहुतांशी नकार कळवण्यात. दिवाळी अंकाचा संपादक लेखांसाठी लेखकांच्या मागे लागतो. वैद्यकीय नियतकालिकाच्या संपादकाकडे निबंधांचा ढीग आपणहून येऊन पडतो. नामांकित नियतकालिकांत त्यातले बहुतेक ‘साभार परत’ जातात, पुष्कळसे तर पहिल्या चाळणीतच. विषय आपल्या वाचकांचा आहे का? त्यात नवे काही आहे का? नैतिक समितीची परवानगी होती का? रुग्णांची संमती घेतली होती का? मजकूर कुठून उचललेला तर नाही? एवढ्यातून जो तरेल तो त्या विषयातल्या दोन-तीन जाणकारांकडे परीक्षणासाठी जातो. हे परीक्षक बहुधा बिनमोबदल्याचे काम करतात आणि स्वतःच्या दवाखान्यातून, प्रयोगशाळेतून वेळ काढून करतात. त्यामुळे त्यांच्यामागे स्मरणपत्रांचा लकडा लावणे हेही संपादकाचेच काम. एक परीक्षक ‘उत्तम’ म्हणतो, दुसरा ‘टाकाऊ’. मग कौल संपादकाने द्यायचा. परीक्षक सल्ला देतात, जबाबदारी संपादकाची असते.

ही जबाबदारी एकट्याने पेलण्यासारखी नाही, हे ओळखून १९७८ मध्ये काही संपादक कॅनडातल्या व्हँकुव्हरला जमले. निबंध कसा मांडावा याचे समान नियम करावेत, एवढाच तेव्हाचा हेतू. त्याच गटाची पुढे वैद्यकीय संपादकांची आंतरराष्ट्रीय समिती झाली. लेखक कोणाला म्हणावे, पैसा कोणाचा होता, हितसंबंध कोणते होते, हे उघड करण्याचे तिचे नियम जगभर पाळले जातात. विभागप्रमुख आहेत म्हणून त्यांचे नाव घाला, हे या नियमांत बसत नाही. समितीचा सर्वांत मोठा बडगा १ जुलै २००५ पासूनचा: औषधाची चाचणी सुरू होण्याआधी तिची जाहीर नोंदणी नसेल, तर निबंध छापणार नाही. नको असलेले निष्कर्ष गुपचूप गाडून टाकण्याची सोय त्यामुळे आटली. भारतातली चाचणी-नोंदवही २००७ मध्ये सुरू झाली आणि २००९ मध्ये नोंदणी सक्तीची झाली.

एवढ्या चाळण्या लावूनही खडे निसटतात.

फेब्रुवारी १९९८ मध्ये याच ‘लॅन्सेट’ने अँड्र्यू वेकफील्ड आणि सहकाऱ्यांचा निबंध छापला. मुले अवघी १२. पण गोवर, गालगुंड आणि रुबेलाच्या एकत्रित लसीचा स्वमग्नतेशी संबंध असावा, असा संशय त्यातून पसरला. ब्रिटनमधले या लसीकरणाचे प्रमाण ९२ टक्क्यांच्या आसपास होते, ते ८० टक्क्यांपर्यंत घसरले. लस कंपन्यांविरुद्ध दाव्याची तयारी करणाऱ्या वकिलाकडून वेकफील्ड यांना पैसे मिळाले होते, हे पत्रकार ब्रायन डीअर यांनी २००४ मध्ये उघडकीला आणले. १३ पैकी १० लेखकांनी त्या निष्कर्षातून अंग काढून घेतले. तरी निबंध पूर्णपणे मागे घेतला गेला तो २ फेब्रुवारी २०१० रोजी. बारा वर्षांनी!

कोविडच्या काळात त्याच नियतकालिकाला दुसरा दणका बसला. २२ मे २०२० रोजी हायड्रॉक्सिक्लोरोक्विनवरचा निबंध आला: ६७१ रुग्णालये, ९६,०३२ रुग्ण. आकडे डोळे दिपवणारे होते, पण ऑस्ट्रेलियातले मृत्यू सरकारी आकड्यांशी जुळेनात. आकडे पुरवणारी ‘सर्जिस्फिअर’ ही कंपनी मूळ नोंदी तपासायला देईना. ४ जूनला निबंध मागे. या खेपेस तेरा दिवस पुरले.

मुंबईतूनही याचे उदाहरण देता येते. १९९३ मध्ये इथल्या काही डॉक्टरांनी वैद्यकीय नीतीला वाहिलेले नियतकालिक सुरू केले. केईएम रुग्णालयातले मेंदूशल्यविशारद डॉ. सुनील पंड्या हे त्याचे संस्थापक-संपादक. आज ते ‘इंडियन जर्नल ऑफ मेडिकल एथिक्स’ म्हणून ओळखले जाते. २०१८ मध्ये त्यात स्वीडनमधल्या गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा त्याच्याच प्रतिबंधक लसीशी संबंध सुचवणारा लेख आला. लेखकाने आपण स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेचे असल्याचे लिहिले होते. संस्थेने कळवले, असा कोणी आमच्याकडे नाही. नावही खोटे निघाले. संपादकांनी आधी दुरुस्ती छापून लेख तसाच ठेवला. त्यावर टीका झाली, आणि महिन्याभरात त्यांनी तो मागे घेतला. नीतिशास्त्राच्याच नियतकालिकाला हे जाहीरपणे करावे लागणे अवघडच, पण त्यांनी ते केले.

चूक कबूल करायची तर संपादकाचे हात मोकळे हवेत, आणि ते नेहमी असतातच असे नाही. जानेवारी १९९९ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनने आपल्या नियतकालिकाचे संपादक जॉर्ज लुंडबर्ग यांना १७ वर्षांच्या कारकिर्दीनंतर काढून टाकले. क्लिंटन यांच्यावरचा महाभियोग ऐन रंगात असताना त्यांनी विद्यार्थ्यांच्या लैंगिक समजुतींवरचे सर्वेक्षण छापायला घेतले, हे त्याचे कारण. २००६ मध्ये कॅनडाच्या वैद्यकीय संघटनेने संपादक जॉन होई यांना घरी बसवले. त्यानंतर संपादक मंडळातल्या बहुतेकांनी राजीनामे दिले. मालकाने हिशेब बघावा, मजकुरात हात घालू नये, हा नियम कागदावर सगळीकडेच आहे.

मागे घेतलेला निबंध नाहीसा केला जात नाही. कोणी, काय आणि का लिहिले होते याची नोंद राहावी, म्हणून तो जागच्या जागी ठेवतात. वेकफील्ड यांचा निबंध आजही ‘लॅन्सेट’च्या संग्रहात उघडून पाहता येतो. त्याच्या पानांवर लाल अक्षरांत आडवा शिक्का आहे: ‘रिट्रॅक्टेड’.