छंदोपयोगी लघु सीएनसी मिलिंग यंत्रावरील असमान पृष्ठभाग : कारणमीमांसा व निदान

प्रस्तावना :

१९५२ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत संख्यात्मक नियंत्रणावर चालणाऱ्या मिलिंग यंत्राचे प्रात्यक्षिक झाले. शेकडो निर्वात नळ्यांनी भरलेल्या कपाटांतून त्या यंत्राचे नियंत्रण होत असे. आज तेच कार्य तळहाताएवढे इलेक्ट्रॉनिक पटल करते आणि ३०० × १८० मिलिमीटर कार्यक्षेत्राचे, '३०१८' या नावाने ओळखले जाणारे यंत्र अभ्यासिकेतील टेबलावर मावते. नियंत्रणाचा भाग स्वस्त व लहान झाला. यंत्राचा सांगाडा मात्र त्या प्रमाणात दृढ झाला नाही. अशा यंत्रांवर काढलेल्या वस्तूच्या पृष्ठभागावर पायऱ्या, लाटा अथवा ओरखडे दिसणे, ही तक्रार म्हणूनच सार्वत्रिक आहे.

हा प्रश्न केवळ सौंदर्याचा नाही. बेअरिंग बसवावयाच्या खोबणीचा तळ असमान असल्यास बेअरिंग तिरके बसते. झाकणाचा पृष्ठभाग लाटांचा असल्यास गॅस्केट असूनही गळती होते. बहुतेक जण अशा वेळी फीड कमी करतात, म्हणजे हत्याराचा पुढे सरकण्याचा वेग घटवितात. हा उपाय पुष्कळदा निरुपयोगी आणि काही वेळा हानिकारक ठरतो. पृष्ठभागावरील खुणांचे स्वरूप व त्यांमधील अंतर प्रथम मोजले, तर दोषाचे स्थान बऱ्याच अंशी निश्चित करता येते. सदर लेखात याच निदानपद्धतीचा विचार केला आहे.

खुणांमधील अंतर :

स्पिंडल मिनिटाला १०,००० फेरे घेत असेल आणि फीड मिनिटाला ६०० मिलिमीटर असेल, तर एका फेऱ्यात हत्यार ०.०६ मिलिमीटर पुढे जाते. हत्याराला दोन धारा असल्यास प्रत्येक धारेच्या वाट्याला ०.०३ मिलिमीटर येतात. इतक्या जवळच्या खुणा साध्या डोळ्यांना वेगळ्या दिसत नाहीत. तेव्हा एकेक मिलिमीटरवर ठळक रेघा दिसत असतील, तर त्यांचा संबंध धारांशी जोडणे व्यर्थ होय.

३०१८ प्रकारच्या अनेक यंत्रांत एका फेऱ्यात ४ मिलिमीटर सरकविणारा स्क्रू असतो. लाटा बरोबर ४ मिलिमीटर अंतराने येत असतील, तर स्क्रू वाकलेला आहे किंवा मोटर व स्क्रू यांना जोडणारे कपलिंग एका रेषेत नाही, असे मानण्यास सबळ आधार मिळतो. खुणांचे अंतर हत्याराच्या दोन लगतच्या फेऱ्यांमधील अंतराइतके, म्हणजे प्रोग्राममध्ये दिलेल्या स्टेपओव्हरइतके असेल, तर संशय स्पिंडलच्या लंबतेवर घ्यावा. फूटपट्टी व भिंग एवढ्या साधनांवर होणारी ही तपासणी बहुधा कोणी करीत नाही, हे खेदजनक आहे.

स्पिंडलची लंबता :

पायऱ्यांचे सर्वाधिक आढळणारे कारण म्हणजे स्पिंडल टेबलाला काटकोनात नसणे. स्पिंडल कललेले असता हत्याराची एक बाजू अधिक खोल जाते आणि प्रत्येक पट्ट्याच्या कडेला पायरी उरते. पायरीची उंची कलाच्या प्रमाणाबरोबरच स्टेपओव्हरवरही अवलंबून असते. समजा, १०० मिलिमीटर अंतरात ०.५ मिलिमीटर एवढा कल आहे. ३ मिलिमीटर व्यासाचे हत्यार १.५ मिलिमीटर स्टेपओव्हरने चालविल्यास पायरी ०.००७५ मिलिमीटरची होईल; ती नखालाही जाणवणार नाही. त्याच यंत्रावर २५ मिलिमीटर व्यासाचे हत्यार २० मिलिमीटर स्टेपओव्हरने चालविल्यास पायरी ०.१ मिलिमीटरची होते. 'लहान हत्याराने काम चांगले होते, मोठे हत्यार खराब आहे' हा समज येथूनच निर्माण होतो. वास्तविक मोठ्या हत्याराने यंत्राचा दोष केवळ उघड केलेला असतो.

कल कोणत्या दिशेला आहे, हे टाकाऊ लाकडावर दोन चौकोन कापून कळते. एका चौकोनात पट्टे डावीकडून उजवीकडे घ्यावेत, दुसऱ्यात पुढून मागे. पहिल्यात पायऱ्या पडल्यास स्पिंडल पुढे अथवा मागे झुकलेले आहे. दुसऱ्यात पडल्यास ते डाव्या वा उजव्या बाजूस कललेले आहे. प्रत्यक्ष मापनासाठी यंत्राचा वीजपुरवठा तोडून कोलेटमध्ये आडवी भुजा बसवावी, तिच्या टोकाला डायल गेज लावावा आणि स्पिंडल हाताने फिरवून चार बाजूंचे वाचन घ्यावे. डायल गेज नसल्यास वाकविलेली जाड तार व फीलर गेज यांवरही काम भागते. डावा-उजवा कल स्पिंडलच्या ब्रॅकेटचे बोल्ट सैल करून काढता येतो. पुढचा-मागचा कल घालविण्यासाठी ब्रॅकेटमागे पातळ पत्र्याची शिम द्यावी लागते.

येथे क्रमाला फार महत्त्व आहे. टेबलावरील एमडीएफचा फळा यंत्रानेच सपाट करून घेण्याची प्रथा आहे. परंतु स्पिंडल कललेले असताना हे केल्यास त्याच पायऱ्या फळ्यावर उमटतात आणि पुढील प्रत्येक काम त्यावर टेकून असमान बसते. आधी लंबता, नंतर फळा.

दृढतेचा अभाव व चॅटर :

कामाच्या वेळी कर्कश आवाज येत असेल आणि पृष्ठभागावर बारीक, नियमित नक्षी उमटत असेल, तर तो चॅटर होय. स्पिंडलची गती बदलून पाहावी. आवाजाची पट्टी गतीबरोबर प्रमाणात वरखाली झाली, तर कंपन धारांच्या आघातांमुळे अथवा स्पिंडलच्या असंतुलनामुळे आहे. पट्टी फारशी बदलली नाही, तर सांगाडा किंवा हत्यार आपल्या नैसर्गिक वारंवारतेने थरथरत आहे.

हत्याराचा वाक त्याच्या बाहेर आलेल्या लांबीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. म्हणून ३० मिलिमीटर बाहेर असलेले हत्यार २० मिलिमीटरवर आणल्यास ते सुमारे ३.४ पट ताठ होते. हा उपाय विनामूल्य आहे. व्यासाचा परिणाम याहून तीव्र आहे : समान लांबीचे ६ मिलिमीटरचे हत्यार ३.१७५ मिलिमीटरच्या हत्यारापेक्षा जवळजवळ १३ पट ताठ असते. तथापि, हत्यार ताठ करून सांगाड्याची लवचिकता जात नाही. ती मोजण्यासाठी साध्या ताणकाट्याने स्पिंडल १ किलोच्या बळाने बाजूला ओढावे व डायल गेजवर सरक पाहावी. प्रत्येक अक्षावर असे केल्यास कोणता अक्ष ढिला आहे, हे आकड्यांतच दिसते.

फीड कमी करण्याचा भ्रम :

वरील उदाहरणातील फीड ६०० वरून १०० मिलिमीटरवर आणल्यास प्रत्येक धारेच्या वाट्याला केवळ ०.००५ मिलिमीटर जाडीचा कीस येतो. धार कितीही तीक्ष्ण भासली, तरी तिच्या टोकाला सूक्ष्म गोलाई असतेच. कीस त्या गोलाईच्या तुलनेत फार पातळ झाला की धार कापत नाही, घासते. घर्षणाने उष्णता वाढते, ॲक्रिलिक वितळून चिकटते, ॲल्युमिनियम धारेवर साचते आणि पृष्ठभाग ओरबाडला जातो. अशा वेळी फीड पूर्ववत ठेवून खोली कमी करणे अथवा एका धारेचे हत्यार घेणे श्रेयस्कर. ॲल्युमिनियमसाठी थोडे वंगणही आवश्यक आहे. शेवटचा ०.१ ते ०.२ मिलिमीटरचा थर वेगळ्या फेरीत काढल्यास हत्यारावरील बळ कमी राहते व फरक तत्काळ दिसतो.

खोलीतील बदल :

खोबणीचा तळ एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे क्रमाने खोल होत गेला, तर कोलेट प्रथम तपासावे. कीस वर फेकणाऱ्या पेचदार हत्यारावर खालच्या दिशेने ओढ असते. कोलेट सैल किंवा आत कीस अडकलेले असल्यास हत्यार हळूहळू बाहेर सरकते. तळ ठिकठिकाणी अनियमितपणे वरखाली असेल, तर स्पिंडलचा दांडा हाताने वरखाली ढकलून पाहावा. स्वस्त मोटरींत तेथे ढिलेपणा आढळतो. उभ्या अक्षाच्या नटमधील बॅकलॅशही असाच परिणाम घडवितो. पातळ पत्रा केवळ कडांना पकडल्यास मध्यभागी फुगतो आणि तेथेच अधिक कापला जातो. अशा कामाला संपूर्ण तळाशी दुहेरी चिकटपट्टी लावावी.

प्रत्येक बदलानंतर टाकाऊ तुकड्यावर ५० मिलिमीटरचा चौकोन कापावा आणि त्यावर फीड, गती, खोली व तारीख पेन्सिलीने लिहून तो जपून ठेवावा. एका वेळी एकच घटक बदलावा. लंबता साधली गेल्याची खूण अशा चौकोनावरच सापडते : मोठ्या हत्याराच्या मार्गात पुढील व मागील दोन्ही धारांच्या कमानी एकमेकींना छेदू लागतात. एकाच दिशेच्या कमानी दिसत असतील, तर आणखी एक शिम द्यावी लागेल.