अतिविषाची कळी आणि तापणारा हिमालय

मिरा-भाईंदरच्या कित्येक घरांत आजही एखाद्या डब्यात बाळगुटीची पुडी जपून ठेवलेली असते. हिरडा, जायफळ, मुरुडशेंग, ज्येष्ठमध आणि त्यांतच एक लहानशी पांढुरकी अतिविषाची कळी. सहाणेवर तिचे दोन वेढे देताना ही कळी कोठून आली असेल, असा विचार आपण कधी केला आहे काय?

ती आपल्या कोकणातली नव्हे, सह्याद्रीतलीही नव्हे. अतिविष, जटामांसी, कुटकी ही सारी हिमालयाची लेकरे. वृक्षांची सीमा संपते, तिथून वर पसरलेल्या थंड कुरणांत ती वाढतात. उत्तराखंडात या कुरणांना ‘बुग्याल’ म्हणतात. वर्षातील अनेक महिने ती बर्फाखाली असतात आणि वनस्पतींना वाढीसाठी उन्हाळ्याचे मोजकेच आठवडे मिळतात. म्हणूनच तेथील मूळ औषधयोग्य होण्यास काही वर्षे लागतात.

थंडीचे कुलूप

ही कुरणे ज्या मातीवर उभी आहेत, तिचे गुपित समजून घेण्यासाठी आधी आपल्या खाडीकाठी या. कांदळवनातील काळा चिखल आपण पाहिला आहे. तेथे पडलेले पान सहज कुजत नाही, कारण पाण्याखालच्या चिखलात प्राणवायू जवळजवळ नसतो आणि सूक्ष्मजीवांचे काम मंदावते. पानांतला कर्ब त्यामुळे चिखलात साठून राहतो. हिमालयात हेच काम थंडी करते. गारठलेल्या मातीत सूक्ष्मजीव सावकाश काम करतात आणि शेकडो वर्षांचा पालापाचोळा मातीत शिल्लक राहतो.

तापमान वाढले की हे कुलूप सैल होते. सूक्ष्मजीव भराभर काम करू लागतात, साठलेला कर्ब वायुरूपाने हवेत जातो आणि उष्णता आणखी वाढते. उत्तर ध्रुवाकडील सदा गोठलेल्या जमिनीत तर आज वातावरणात असलेल्या कर्बाच्या सुमारे दुप्पट कर्ब साठलेला आहे. तेथील बदल आपल्यापासून दूर वाटला, तरी हवा सर्वांची एकच आहे.

बर्फाचेही तसेच. हिवाळ्यातील जाड बर्फ मातीवर गोधडीसारखा पसरतो आणि मुळांना कडाक्याच्या गारठ्यापासून वाचवतो. ही गोधडी विरळ झाली, तर हवा उबदार होत असतानाही उघडी पडलेली माती अधिक गोठते. मुळे आणि मुळांना अन्नद्रव्ये पुरवणाऱ्या बुरशी, दोहोंना त्याची झळ बसते.

शिखरापुढे वाट नाही

उष्णता वाढली की खालची झाडेझुडपे वर सरकतात आणि कुरणातील वनस्पतींना आणखी वर जावे लागते. परंतु शिखराच्या वर डोंगरच उरत नाही. त्यातच कळी किंवा मूळ काढताना बहुधा संपूर्ण रोपच उपटले जाते. आंतरराष्ट्रीय निसर्ग संरक्षण संघाच्या यादीत आज जटामांसी ‘अतिसंकटग्रस्त’ आणि अतिविष ‘संकटग्रस्त’ आहे. या वनस्पतींची शेती व्हावी, यासाठी गढवालमधील श्रीनगर आणि हिमाचलातील पालमपूर येथील संशोधन संस्था प्रयत्न करीत आहेत.

आपल्या औषधाच्या डब्यासाठी

वस्तू दुर्मिळ झाली की भेसळ वाढते. अतिविषाच्या कुळातच बचनाग आहे, आणि अशुद्ध बचनाग हृदयावर घातक परिणाम करतो. म्हणून घरातील ज्येष्ठांनी व त्यांची काळजी घेणाऱ्यांनी पुढील पथ्ये पाळावीत:

- सुटी मुळे वा चूर्णे अनोळखी विक्रेत्याकडून घेऊ नका. वेष्टनावर उत्पादकाचे नाव, परवाना क्रमांक आणि मुदत पाहून घ्या.
- आरोग्यवर्धिनीसारख्या औषधात कुटकीबरोबर पारा-गंधक व ताम्रभस्मही असते. वैद्यांच्या सल्ल्याशिवाय ते सुरू करू नका आणि वाढवूही नका.
- रक्तदाब, मधुमेह, हृदयविकार किंवा रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असतील, तर सोबत घेत असलेली चूर्णे व काढे डॉक्टरांना अवश्य सांगा.
- जटामांसीने झोप लागते म्हणून झोपेच्या गोळीसोबत ती आपल्या मनाने घेऊ नका.
- नातवंडाला गुटी देण्यापूर्वी बालरोगतज्ज्ञांना विचारा. पहिले सहा महिने बाळाला केवळ आईचे दूध द्यावे, असेच आजचे वैद्यकशास्त्र सांगते.

आपल्या आजीने सहाणेवर उगाळलेली कळी आपल्यापर्यंत आली, ती एका थंड कुरणाने तिला सांभाळले म्हणून. आपण हिमालय थंड करू शकत नाही. पण औषध गरजेपुरते आणि पारखून घेणे, लागवडीतून आलेले मिळत असेल तर तेच मागणे आणि आपल्या खाडीकाठचे कांदळवन राखणे, एवढे आपल्या हाती निश्चित आहे. नातवंडांना ती कळी एकदा दाखवा आणि तिचे माहेर कुठे, हेही सांगा.