जपानीकडे जाणारी मराठी वाट

लातूर-नांदेडच्या मुलाने मोबाइलवर जपानी शिकायचे ठरवले, तर बहुतेक अ‍ॅप त्याला इंग्रजीतून शिकवतात. या वळशात त्याच्याकडे असलेला मोठा फायदा वाया जातो. ‘मी शाळेत जातो’ याला जपानीत ‘वाताशी वा गाक्को नि इकिमासु’ म्हणतात. कर्ता आधी, क्रियापद शेवटी, आणि आपण ‘शाळे’ला ‘त’ लावतो तसा ‘गाक्को’च्या मागे ‘नि’. प्रश्न विचारायचा तर वाक्याच्या शेवटी ‘का’, अगदी आपल्यासारखा. दोन्ही भाषांचे कूळ वेगळे, तरी घडण इतकी जुळते की इंग्रजी भाषकाला जी रचना उलटी वाटते, ती मराठी मुलाच्या अंगवळणी आधीच पडलेली असते.

जपानी लिपीतल्या कांजी चिन्हांपुढे मात्र मराठीचा उपयोग नाही. जपान सरकारच्या नित्योपयोगी यादीतच ती २१३६ आहेत. इथे सॉफ्टवेअर खरोखर कामाला येते. पाठ केलेले सुरुवातीला झपाट्याने विसरते आणि अंतर ठेवून केलेली उजळणी जास्त टिकते, हे मानसशास्त्रज्ञ हरमान एबिंगहाउसने १८८५ मध्ये स्वतःवरच्या प्रयोगांतून मांडले. ‘अंकी’सारखा प्रोग्रॅम त्याच तत्त्वावर चालतो: चुकलेले चिन्ह लगेच पुन्हा समोर, ओळखलेले काही दिवसांनी. ही घोकंपट्टीच, असे कोणी म्हणेल. पण घोकताना उत्तर डोळ्यांसमोर असते; इथे ते झाकलेले असते, आठवावेच लागते. रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांच्या २००६ च्या प्रयोगात पाच मिनिटांनंतर पुन्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतर मात्र आठवून लिहिणारे सरस ठरले. सराव परीक्षांवर उभ्या राहिलेल्या लातूरला हे पटवून द्यावे लागू नये.

शिकवणारेच नाहीत, मग अ‍ॅपशिवाय गत्यंतर काय, हा आक्षेप जास्त वजनदार आहे. त्याला उत्तर मराठवाड्यातच सापडते. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातल्या गाडिवाटच्या जिल्हा परिषद शाळेतील मुलांनी २०१९ मध्ये रोबोटिक्सच्या ओढीने जपानी निवडली. सुरुवात इंटरनेटवरच्या व्हिडिओंवर आणि भाषांतराच्या अ‍ॅपवर झाली. पुढे एका भाषातज्ज्ञाने मोफत ऑनलाइन वर्ग घेतले. बोलणे सुधारायला माणूस लागतो, आणि तो गावात नसला तरी चालते. पुण्यात होणाऱ्या जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेत संभाषणाची चाचणी नसल्याने बोलण्यातली उणीव गुणपत्रिकेत दिसत नाही. ती नोकरीच्या मुलाखतीत उघडी पडते. ‘अंकी’त स्वतःची कार्डे करता येतात. तेव्हा नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाने मराठी अर्थ आणि उच्चार असलेला कार्डांचा संच तयार करून सर्वांना खुला करावा, आणि त्याला आठवड्याच्या ऑनलाइन संभाषण-वर्गाची जोड द्यावी.